अडत्याचा गल्ला आणि चार हजार कोटींचा सौदा

जुलै २०२२ मधील एका रविवारी सकाळी सांगलीच्या गणपती पेठेतील माझे एक जुने स्नेही घरी आले. किराणा मालाच्या घाऊक व्यापारात त्यांची ही तिसरी पिढी. बँकेत असताना त्यांच्या पेढीचे कॅश क्रेडिट खाते माझ्याच टेबलावर होते आणि निवृत्तीनंतर तो संबंध घरोब्याचा झाला. त्यांनी पिशवीतून डीमॅट खात्याचे उतारे काढून माझ्यापुढे ठेवले. वर्षापूर्वी झोमॅटो या कंपनीची भागविक्री झाली, तेव्हा घरातील तिघांच्या नावे प्रत्येकी १९५ शेअर ७६ रुपये दराने त्यांना मिळाले होते. एकूण ५८५ शेअर, गुंतवणूक ४४,४६० रुपये. त्या दिवशी भाव चोपन्नच्या घरात होता.

"साहेब, पुण्याचा मुलगा म्हणतो ठेवा. मला झोप नाही. या लोकांनी तोट्यातलं दुकान साडेचार हजार कोटींना घेतलंय. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी कागद-पेन्सिल घेतली, दहा मिनिटे आकडेमोड केली आणि विकण्याचा सल्ला दिला. त्यांनी सोमवारी शेअर विकले. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने स्वतःच्या नावावरचे शेअर मात्र ठेवले. पुढे काय घडले ते शेअर बाजार पाहणाऱ्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच शेअरने तीनशे रुपयांची पातळी ओलांडली.

सल्ला चुकला, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. चाळीस वर्षे कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या माणसाचे अंदाजही चुकतात. पण चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली हे शोधल्याखेरीज हिशेब मिटत नाही, ही बँकेची सवय. तो शोध घेताना या सौद्याविषयी गुंतवणूकदारांनी त्या वेळी मांडलेली उलटसुलट मते मी पुन्हा वाचली आणि परदेशातील अशाच एका गाजलेल्या सौद्याशी ती ताडून पाहिली. त्यातून जे हाती आले ते व्यापारी कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेखनप्रपंच. कोणता शेअर घ्यावा वा विकावा याचा सल्ला मात्र यात नाही.

सौदा काय होता?

हॉटेलातील जेवण घरपोच देणाऱ्या झोमॅटोच्या संचालक मंडळाने २४ जून २०२२ रोजी ब्लिंकिट ही कंपनी घेण्यास मान्यता दिली. ब्लिंकिटचे जुने नाव ग्रोफर्स. २०१३ मध्ये सुरू झालेली ही कंपनी किराणा माल ऑनलाइन मागणीवर पोहोचवत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिने नाव बदलले आणि काही मिनिटांत घरपोच माल देण्याच्या धंद्यावर सारा भर दिला.

किंमत ठरली सुमारे ४,४४७ कोटी रुपये. ही रक्कम रोखीने द्यावयाची नव्हती. झोमॅटोने आपले सुमारे ६२.८५ कोटी नवे शेअर प्रत्येकी ७०.७६ रुपये दराने ब्लिंकिटच्या भागधारकांना द्यावेत, असे ठरले. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून पाहिल्यास किमतीचा मेळ बसतो. याखेरीज ब्लिंकिटशी संबंधित गोदामांचा व्यवसाय सुमारे ६० कोटींना घेण्याचे ठरले.

सौद्याला पूर्वेतिहासही होता. आदल्या वर्षी झोमॅटोने याच कंपनीत दहा कोटी डॉलर गुंतवून सुमारे नऊ-दहा टक्के हिस्सा घेतला होता. मार्च २०२२ मध्ये तिला १५ कोटी डॉलरपर्यंत कर्ज देण्याचेही ठरले होते. म्हणजे ज्या पेढीत आधी भागीदारी केली, जिला नंतर कर्ज दिले, तीच पेढी अखेरीस संपूर्ण विकत घेतली.

विरोधकांचे म्हणणे

घोषणेनंतर बाजार उघडताच भाव घसरू लागला. जुलैच्या अखेरीस, भागविक्रीपूर्वीच्या भागधारकांवरील एक वर्षाची विक्रीबंदी उठली तेव्हा, तो एक्केचाळीस रुपयांच्या आसपास येऊन ठेपला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उबर कंपनीने झोमॅटोमधील आपला ७.७८ टक्क्यांचा संपूर्ण हिस्सा ५०.४४ रुपये दराने विकून टाकला. विकणाऱ्यांत बाजाराची काडीमात्र माहिती नसलेलेच लोक होते, असे नव्हे.

त्यांचे आक्षेप वजनदार होते. पहिला किमतीचा. मार्च २०२२ अखेरच्या वर्षात ब्लिंकिटचे उत्पन्न सुमारे २६३ कोटी होते. त्याच्या सतरा पट किंमत कशासाठी? दुसरा तोट्याचा. एकट्या मे महिन्यात ब्लिंकिटचा कामकाजी तोटा ९० कोटींच्या वर होता. स्वतः झोमॅटोला त्या आर्थिक वर्षात १,२२२ कोटींचा तोटा झाला होता. दोन तोटे एकत्र केल्याने नफा होत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. तिसरा आक्षेप हिस्सा पातळ होण्याचा. नवे शेअर निघाल्यामुळे जुन्या भागधारकांचा वाटा सुमारे सात टक्क्यांनी कमी होणार होता. शंभर शेरांच्या दुधात सात शेर पाणी, तेही मालकाच्या संमतीने, असे त्याचे वर्णन करता येईल.

चौथा आक्षेप हेतूविषयीचा होता आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटला. ऋणको परतफेड करू शकत नाही असे दिसू लागले की जुने कर्ज फेडण्यासाठी त्याला नवे कर्ज द्यावयाचे आणि खाते कागदोपत्री निरोगी ठेवावयाचे, हा रोग बँकेत काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. आधी हिस्सा, मग कर्ज, मग संपूर्ण खरेदी हा क्रम पाहून माझ्यासारख्याच्या मनात पाल चुकचुकली. आपला अडकलेला पैसा वाचवण्यासाठी तर ही खरेदी नव्हे? भागविक्रीच्या वेळी लोकांनी पैसे दिले ते जेवण पोहोचवण्याच्या धंद्यासाठी. वर्षाच्या आत कंपनी वाण्याचे दुकान कशाला मांडते आहे?

समर्थकांचे म्हणणे

दुसऱ्या बाजूची मांडणीही पोकळ नव्हती. जेवण आपण आठवड्यातून एखाद-दोनदा मागवतो. दूध, कोथिंबीर, साबण मात्र रोज लागतात. ग्राहक तोच, मोटारसायकलवरून येणारा मुलगाही तोच. दुपारी आणि रात्री जेवणाच्या वेळा सोडल्या तर त्याला फारसे काम नसते. त्याच खर्चात दोन व्यवसाय चालले तर प्रत्येक फेरीचा खर्च उतरेल, असा हिशेब होता.

शिवाय किंमत शेअरमध्ये दिली जात असल्याने तिजोरीतील रोकड हलत नव्हती. भागविक्रीनंतर कंपनीजवळ सुमारे बारा हजार कोटींची पुंजी होती आणि झटपट किराण्यावर दोन वर्षांत ४० कोटी डॉलरपर्यंतच खर्च करू, अशी मर्यादा व्यवस्थापनाने आधीच जाहीर केली होती. ब्लिंकिटचे विक्रेते शेअर घेऊन झोमॅटोचे भागीदार होत होते आणि त्यांच्यावर ठरावीक मुदतीची विक्रीबंदीही होती. सौदा बिघडला तर तेही पोळणार होते. आणखी एक मुद्दा असा की, आदल्या वर्षी याच कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर धरले गेले होते. आता ती जवळपास निम्म्या किमतीला मिळत होती. गरजवंताचा माल स्वस्तात मिळतो, हा बाजाराचा नियम येथेही लागू होता.

शेवटचा मुद्दा स्पर्धेचा. स्विगीने इन्स्टामार्ट सुरू केले होते, झेप्टो नावाची नवी कंपनी वेगाने वाढत होती. जो ग्राहक आज दुसऱ्याकडून किराणा मागवतो तो उद्या जेवणही तेथूनच मागवील, ही भीती अवास्तव नव्हती.

माझी चूक कोठे झाली?

आता माझ्या त्या कागदाकडे वळतो. किमतीला मी उत्पन्नाने भागले, सतरा पट हे उत्तर आले आणि तेथेच माझे मत बनले. उत्पन्न हा शब्द वाचून तो एकूण विक्रीचा आकडा आहे असे मी धरून चाललो. वस्तुतः ब्लिंकिट त्या काळी माल स्वतःच्या मालकीने विकत नव्हती. विक्रेते वेगळे होते. ब्लिंकिटला मिळे ते दलाली, पोहोचवण्याचे शुल्क, जाहिरातीचे पैसे. २६३ कोटी ही तिची अडत होती. तिच्यामार्फत विकल्या गेलेल्या मालाचा आकडा निराळा होता आणि तो भागधारकांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट छापलेला होता. एकट्या मे २०२२ मध्ये तो सुमारे ४०३ कोटी होता, वर्षाच्या हिशेबाने पावणेपाच हजार कोटींच्या वर.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभ्या असलेल्या कोणालाही हा फरक विचारा. अडत दुकान घेताना गल्ल्यात जमलेली अडत किती एवढेच पाहून कोणी किंमत ठरवत नाही. किती पोती माल दुकानावरून जातो, शेतकरी किती आणि किती वर्षांचे, खरेदीदार रोख देणारे की उधारीवाले, आणि अडतीचा दर पुढे वाढवता येईल का, हे सारे पाहिले जाते. माझ्यासमोर बसलेल्या स्नेह्यांना हे माझ्यापेक्षा शतपटीने अधिक कळत होते. पण मी इंग्रजी ताळेबंदाच्या भाषेत बोललो आणि तेही भारावून गप्प राहिले. मी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता : "शेठजी, हे दुकान किरकोळीचं आहे की अडतीचं?" तो मी विचारला नाही.

म्हणून विरोधक सारेच चुकले, असा अर्थ कोणी काढू नये. मालाची उलाढाल कितीही मोठी असो, पोहोचवण्याचा खर्च अडतीपेक्षा जास्त असेल तर दुकान बुडतेच, आणि २०२२ मध्ये तो खर्च जास्तच होता. पुढे तो उतरत गेला. जून २०२३ च्या तिमाहीत झोमॅटोने प्रथमच निव्वळ नफा दाखवला, अवघा दोन कोटींचा. मार्च २०२४ मध्ये ब्लिंकिटचा कामकाजी तोटा मिटला. त्या आर्थिक वर्षात कंपनीला ३५१ कोटींचा नफा झाला. एप्रिल २०२४ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या विश्लेषकांनी ब्लिंकिटचे मूल्य मूळच्या जेवणाच्या धंद्याहून अधिक असल्याचे म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये झोमॅटोचा सेन्सेक्समध्ये समावेश झाला आणि २०२५ मध्ये कंपनीचे नाव इटर्नल असे झाले. जून २०२५ च्या तिमाहीत ब्लिंकिटवरून गेलेल्या मालाचे मूल्य जेवणाच्या व्यवसायापेक्षा प्रथमच अधिक भरले.

त्याच तिमाहीत मात्र कंपनीचा नफा आदल्या वर्षीच्या २५३ कोटींवरून २५ कोटींवर आला होता, कारण नवी गोदामे उघडण्याचा खर्च नफा गिळत होता. म्हणजे २०२२ चा वाद मिटलेला नाही. त्याने फक्त आकडे बदलले आहेत.

दुसरा सौदा : एचपी आणि ऑटोनॉमी

एकच उदाहरण पाहून मत बनवले तर पुढचा महागडा सौदाही सोन्याचाच वाटू लागेल. म्हणून उलट बाजूचे उदाहरण पाहू.

अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपी, ही संगणक आणि प्रिंटर बनवणारी नामांकित कंपनी. १८ ऑगस्ट २०११ रोजी तिने ऑटोनॉमी ही इंग्लंडमधील सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. बाजारभावाहून साठ टक्क्यांपेक्षा अधिक किंमत, आणि तीही रोख. त्याच दिवशी संगणकांचा व्यवसाय वेगळा काढण्याचा विचारही जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी एचपीचा शेअर सुमारे वीस टक्क्यांनी कोसळला. भागधारकांनी आपले मत असे रोखठोक नोंदवले होते. एचपीच्या वित्तप्रमुख कॅथी लेस्जाक यांनी खरेदीला अंतर्गत विरोध केला होता. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनीही ही किंमत अवाजवी असल्याचे जाहीरपणे म्हटले. सौदा ठरवणारे मुख्याधिकारी लिओ अपोथेकर यांना महिनाभरातच पद सोडावे लागले आणि मेग व्हिटमन त्यांच्या जागी आल्या. खरेदी मात्र पूर्ण झाली.

२० नोव्हेंबर २०१२ रोजी एचपीने ८.८ अब्ज डॉलर पुस्तकातून कमी केले. हे समजण्यासाठी आपल्याकडील पागडी आठवावी. एखादे दुकान घेताना माल, फर्निचर आणि येणे यांच्या किमतीवर आपण जी जादा रक्कम जागेसाठी, नावासाठी, बांधलेल्या गिऱ्हाइकासाठी देतो, ती हिशेबात नावलौकिक म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. तो नावलौकिक पुढे फळला नाही, तर एक दिवस ती रक्कम खोडून तोट्यात टाकावी लागते. एचपीच्या बाबतीत दिलेल्या किमतीच्या जवळपास चार पंचमांश रक्कम वर्षभरात खोडली गेली.

त्यातील पाच अब्जांहून अधिक रकमेला ऑटोनॉमीच्या हिशेबातील गैरप्रकार जबाबदार असल्याचा आरोप एचपीने केला. आरोपाचा गाभा आपल्याला लगेच कळेल असा आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण फार मोठे. बाहेरून संगणक आणून विकण्यात ते नगण्य, काही वेळा तोटाच. ऑटोनॉमीने अशी यंत्रे विकून आलेला पैसा सॉफ्टवेअर कंपनीच्या वाढीत मिसळून दाखवला, असे म्हटले गेले. केशराच्या दुकानाची किंमत ठरवताना गल्ल्यात मिठाची विक्री मिळवून दाखवावी, तसा हा प्रकार. मध्यस्थ विक्रेत्यांना माल विकल्याचे दाखवून वाढवलेल्या उत्पन्नाचाही आरोपांत समावेश होता.

न्यायालयांचे निकाल एकसारखे लागले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. ऑटोनॉमीचे वित्तप्रमुख सुशोवन हुसेन यांना २०१८ मध्ये अमेरिकेत दोषी ठरवण्यात आले. लंडनच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिवाणी दाव्यात बहुतांशी एचपीच्या बाजूने कौल दिला. मात्र संस्थापक माइक लिंच यांची जून २०२४ मध्ये अमेरिकेतील फौजदारी खटल्यात सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता झाली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, सिसिलीच्या किनाऱ्याजवळ नौका बुडून त्यांचा मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने एचपीचे नुकसान सुमारे ७० कोटी पौंड ठरवले; मागणीच्या मानाने ही रक्कम फारच लहान आहे. याचा व्यावहारिक अर्थ मला असा दिसतो की, विक्रेत्याने काही लपवले असले तरी खोडलेल्या रकमेचा मोठा भाग खरेदीदाराच्या स्वतःच्या उतावळेपणाचा होता.

एचपीच्या भागधारकांनी पुढे काय केले, हेही शिकण्यासारखे आहे. मार्च २०१३ च्या वार्षिक सभेत संचालकांच्या फेरनिवडीस अनेक गुंतवणूकदार संस्थांनी विरोध केला. अध्यक्ष रे लेन जेमतेम ५९ टक्के मतांनी निवडून आले आणि एप्रिलमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. आणखी दोन संचालकही बाहेर पडले. आपल्याकडे वार्षिक अहवालाचे पाकीट रद्दीत जाते आणि ई-मतदानाचा निरोप न उघडताच पुसला जातो. आपल्या हातात विकणे आणि ठेवणे यांखेरीज मत देणे हा तिसरा मार्गही असतो.

दोन सौद्यांतला फरक

उत्पन्नाच्या पटीत मोजले तर ऑटोनॉमी ब्लिंकिटहून स्वस्त ठरते. तिचे २०१० चे उत्पन्न सुमारे ८७ कोटी डॉलर होते; म्हणजे किंमत साधारण बारा-तेरा पट. माझ्या कागदावरच्या एका भागाकाराने निर्णय घेतला असता तर मी ब्लिंकिट नाकारली असती आणि ऑटोनॉमी पदरात घेतली असती. एवढ्यावरून त्या भागाकाराची योग्यता कळावी.

फरक अन्यत्र होता. एचपीने रोख मोजली, त्यामुळे विक्रेत्यांचा संबंध त्याच दिवशी संपला. झोमॅटोने शेअर दिले, त्यामुळे विक्रेते जोखमीत राहिले. एचपीने अनोळखी कंपनी घाईने घेतली; झोमॅटोने वर्षभर भागीदार आणि सावकार म्हणून आतून पाहिलेली कंपनी घेतली. जो क्रम मला संशयास्पद वाटला, त्याच क्रमाला ओळख वाढवण्याची दुसरी बाजू होती, आणि ती मी पाहिली नाही. एचपीत पैशाचा हिशेब ठेवणारी व्यक्तीच नको म्हणत होती. आणि शेवटचा फरक : झोमॅटोने तोट्याचे आकडे महिन्यावार पुढे ठेवले आणि खर्चाची मर्यादा आधी सांगितली, म्हणजे सौदा फसतो आहे का हे भागधारकाला दर तिमाहीला तपासता येत होते.

यातले काहीच यशाची हमी देत नाही. झोमॅटोचे नशीबही बलवत्तर ठरले. शहरी ग्राहकाची सवय इतक्या वेगाने बदलेल, हे २०२२ मध्ये खात्रीने कोणी सांगू शकत नव्हते. म्हणून मुलगा शहाणा आणि बाप भित्रा, असा निकाल मी देणार नाही. ज्याला झोप लागत नाही त्याने तो शेअर ठेवू नये, हा माझ्या सल्ल्याचा भाग आजही कायम आहे. मुलाची गुंतवणूक त्याच्या पगाराच्या मानाने लहान होती आणि त्याच्याजवळ वेळ होता. वडिलांना मुलीच्या लग्नाचा खर्च समोर दिसत होता.

आपल्याच दुकानाचा प्रश्न

गेल्या दिवाळीनंतर ते स्नेही पुण्याला मुलाकडे राहून आले आणि मला भेटले. या वेळी शेअरच्या भावाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"साहेब, सूनबाईंनी कढीला फोडणी घातली आणि कोथिंबीर नाही म्हणून फोन हातात घेतला. कढी उकळायच्या आत मुलगा दारात. मी गॅलरीतून पाहिलं, समोरच्या कोपऱ्यावर दुकान होतं. दुकानदार मोकळाच बसला होता. आमच्यासारखाच."

मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या मुलाचे पैसे दुपटीतिपटीने वाढले, बरं वाटलं. पण ते कुणाच्या गल्ल्यातून आले, तेही दिसलं. आपल्याच घराला लागलेल्या आगीवर हात शेकायचे का, सांगा."

या प्रश्नाला ताळेबंदात उत्तर नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने झटपट किराणा कंपन्यांच्या भारी सवलतींविरुद्ध २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. दुसरीकडे, इटर्नलने २०२५ मध्ये भागधारकांच्या मंजुरीने परकीय मालकीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घातली. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या परकीय मालकीच्या कंपनीला स्वतःचा माल साठवून विकता येत नाही. ही मर्यादा घातल्याने तो मार्ग मोकळा झाला. म्हणजे कालचा अडत्या आता स्वतः माल भरणारा व्यापारी होऊ पाहतो आहे. घाऊक व्यापाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

एवढे मात्र सांगता येईल. ज्या व्यापाऱ्याच्या धंद्यावर अशा कंपन्यांचा घाला येतो आहे, त्याने त्यांच्या तिमाही अहवालांकडे शेअर नसला तरी लक्ष ठेवले पाहिजे. कोणत्या शहरांत गोदामे वाढत आहेत, सरासरी खरेदी किती रुपयांची, कोठे तोटा सोसला जात आहे, हे त्यात छापलेले असते. स्पर्धकाची खातेवही फुकट वाचायला मिळण्याची सोय आपल्या आजोबांना नव्हती. ती वाचून आपण उधारी, घरपोच सेवा, निवडक मालाची प्रत, यांपैकी कशावर टिकू शकतो, हे ठरवता येते. शेअर घ्यावा की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा विषय. पण घेतला तर कशासाठी घेतला हे माहीत असावे.

स्नेह्यांनी यंदा पाडव्याच्या वहीपूजनानंतर एक वेगळी वही घातली आहे. घरात कोणीही शेअर घेतला की तारीख, दर आणि संख्या यांच्यापुढे एक ओळ लिहायची : हा का घेतला. विकताना त्याच ओळीखाली दुसरी : का विकला. पहिल्या पानावर त्यांनी २०२२ चा तो जुना व्यवहार आठवणीने उतरवला. ५८५ शेअर, खरेदी ७६, विक्री ५४, तोटा १२,८७० रुपये. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'साहेब म्हणाले.'

वही त्यांनी मला दाखवली तेव्हा आम्ही दोघेही हसलो. मग मी त्यांच्याच पेनने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : 'अडतीचे दुकान किरकोळीचे समजून.' आता तो हिशेब पुरा झाला.